वहीतले आम्ही आणि ताटातले आम्ही

गेल्या आषाढापासून आम्ही एक वही ठेवीत आहोत. डाव्या पानावर खाल्लेल्या अन्नाचे उष्मांक, उजव्या पानावर चाललेले अंतर आणि दर रविवारी तळाशी वजन. रक्ततपासणीत साखर सीमेवर आली होती. आणि मधुमेहाने वडिलांची अखेरची वर्षे कशी पोखरली, ते आम्ही जवळून पाहिले होते. डॉक्टरांनी दहा किलो वजन उतरवायला सांगितले.

आम्ही भंडाऱ्याचे, म्हणजे भाताच्या मुलखातले. तो भात वाटीने मोजू लागलो. पहाटे खांब तलावाकडे तासभर चालणे सुरू झाले. वहीप्रमाणे रोजची तूट पाचशे उष्मांकांची होती. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक, या प्रचलित हिशेबाने आठ महिन्यांत पंधरा किलो उतरायला हवे होते. काटा ८४ वरून ८३.२ वर आला. आठशे ग्रॅम! आणि वहीत एकही अक्षर खोटे नाही, अशी आमची खात्री होती.

अविश्वसनीय निवेदक ही संकल्पना आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. असा निवेदक खोटेच बोलतो असे नाही. स्वतःविषयी जे त्याला दिसत नाही, ते त्याच्या निवेदनातून गळते. १९९२ साली अमेरिकेत अशाच काही माणसांचा अभ्यास झाला. दिवसाला बाराशेहून कमी उष्मांक घेऊनही वजन घटत नाही, असे ती सांगत. तपासणीत त्यांचा चयापचय सर्वसामान्य निघाला. मात्र त्यांनी आहार सरासरी ४७ टक्के कमी आणि श्रम ५१ टक्के अधिक नोंदले होते. हे वाचल्यावर आम्ही आमची वही परीक्षकाच्या नजरेने पुन्हा वाचली. वडाभात होता, त्यावरची कढत तेलाची धार नव्हती. दहा ग्रॅम तेलाचे नव्वद उष्मांक होतात. लग्नसराईतल्या पंगतींच्या दिवशी पाने कोरी होती.

परंतु सारा दोष निवेदकाचा नव्हे. ७,७०० चा हिशेब शरीराला लाकडाची मोळी समजतो: जेवढी जाळाल तेवढी कमी. शरीर असे स्वस्थ बसत नाही. आहार घटला की तेही आपला खर्च आवरते आणि भूक वाढवते. अर्थात, हे कारण पुढे करून तेलाची धार विसरणे आम्हांला सोयीचे होते, हेही नमूद केले पाहिजे.

आणखी एक गळलेली नोंद होती. वहीतली ‘एक वाटी भात’ आईने वाढलेली होती, शिगोशीग आणि वर दाबून. आईचे तारुण्य रोवणीत गेले. दिवसभर चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बाईला जेवढा भात लागे, ते तिच्या हाताचे माप. “बाप्पा, एवढ्याशा भातानं पोट भरते काय?” असे ती आजही विचारते. वारशात आम्हांला ते माप मिळाले. रोवणी मात्र आम्ही खुर्चीत बसून घालवली.

अशा वेळी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवतात. २००४ साली त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे जोडछायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा सांगतो तो केवळ शब्दार्थ. आपल्याकडच्या बारीक दिसणाऱ्या देहातही मधुमेहाची बीजे असतात, हे त्या चित्राने दाखविले.

गेल्या आठवड्यात पुन्हा तपासणी केली. साखर थोडी उतरली होती. वजन घटले नाही तरी चालण्याने रक्तातली साखर सुधारू शकते, असे डॉक्टर म्हणाले. दहा किलोंचा आग्रह त्यांनी सोडलेला नाही. आमचीही भीती गेलेली नाही. घरी आलो, आईने वाढले. त्या दिवशीच्या पानावर आम्ही प्रथमच लिहिले: वाटी शिगोशीग, तेलाची धार दोनदा.