मॅटॅडोरचं कपाळ

पोचा सगळ्यांना दिसायचा. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने वड आहेत. त्यातल्या एकाची आडवी फांदी मामाच्या मॅटॅडोरच्या कपाळाला लागली, त्याला आता वीसेक वर्षं होत आली. मामाने पुण्यात आल्याआल्या एका गॅरेजमधून ते ‘करून घेतलं’. त्यांनी पत्रा काढला नाही, आतून ठोकला नाही. वरून पुट्टी भरली, फाटलेल्या कडेत सिलिकॉन दाबलं आणि पांढरा रंग मारला. पुट्टी पुढे बसली आणि पोचा पुन्हा वर आला, पण ते फार नंतर. त्या दिवशी गाडी झकास दिसत होती आणि मामा खूश होता.

ही साधी मॅटॅडोर नव्हती. मामा चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. नव्वदच्या दशकात त्याने नुसती केबिन आणि चासी असलेली जुनी गाडी घेतली आणि एका बॉडीबिल्डरकडून तिच्यावर राहायचं घर बांधून घेतलं. आज त्याला कॅरव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलं, तेव्हा मामाने पेपर माझ्यापुढे टाकून ‘बघ, सरकार आलं शेवटी’ एवढंच म्हटलं.

मॅटॅडोर म्हणजे काय हे पुण्यात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. शाळेची मुलं, दूध, लग्नाची वऱ्हाडं, विसर्जनाला निघालेले गणपती, ॲम्ब्युलन्स, सगळं तिच्यातूनच जायचं. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीशी करार करून बजाज टेम्पो उभी केली. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या तिच्या गाड्यांनी पुढे अख्खा देश भरला. २००५ साली कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण तीनचाकी असो की चारचाकी, माल वाहणाऱ्या गाडीला आपण आजही टेम्पोच म्हणतो. मामाने मॅटॅडोर निवडली ती मात्र या अभिमानापायी नाही. तिची पुढची चाकं ओढतात. मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नसल्यामुळे फळी खाली घेता येते आणि आत डोक्याला जागा मिळते. मामीला उभं राहून पोळ्या लाटता आल्या पाहिजेत, ही एकच अट होती.

बांधणी त्या काळच्या रीतीची. लाकडी सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय, मधे थर्मोकोल. केबिनच्या छपरावर पुढे झेपावलेला एक खण होता, त्यात माझं आणि धाकट्या भावाचं अंथरूण. समोर एक छोटी खिडकी. हेच ते कपाळ. तारकर्लीला, हंपीला, कासला आम्ही त्या खिडकीतून रस्ता बघत गेलो.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे गेलेत. सोसायटीने पार्किंगवरून दोनदा चिठ्ठी लावली, तेव्हा म्हणाला, “तुला हवी तर घे, नाहीतर नाना पेठेत सुटे भाग करून विकतो.” मी गाडीत चढले तर कपाळाच्या खणात ओल्या गोणपाटाचा वास. प्लाय वरून ठीक दिसत होता. कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि जोर न लावता तो दांड्यापर्यंत आत गेला.

त्यानंतर मी लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र आणलं. दोन सुया टोचायच्या आणि आकडा वाचायचा. वीस टक्क्यांच्या खाली ओल असेल तर लाकडाला बुरशी धरत नाही, त्यामुळे ते कुजत नाही. बाजूच्या भिंती अकरा-बारा दाखवत होत्या. कपाळाच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत आकडा तिसाच्या वर गेला. तोही मे महिन्यात.

काम कोंढव्याच्या बाजूला एका शेडमध्ये दिलं. मिस्त्री मूळचा बस बांधणारा, त्यामुळे लाकूड आणि पत्रा दोन्हींत हात चालणारा. अशी माणसं आता कमीच. नव्या गाड्या लोखंडी चौकोनी पाइपवर आणि फायबरवर उभ्या राहतात, लाकडाला कोण विचारतो! मामाने पहिल्याच दिवशी शेडच्या दाराशी प्लॅस्टिकची खुर्ची मांडून घेतली आणि काम संपेपर्यंत ती हलली नाही.

रिव्हेट ड्रिलने उडवून पत्रा मोकळा करायला घेतला तेव्हा सगळ्यात जास्त वेळ सिलिकॉनने खाल्ला. सिलिकॉनची खोड अशी की त्यावर काहीच चिकटत नाही, रंग नाही, पुट्टी नाही, वर लावलेलं नवं सिलिकॉनसुद्धा नाही. गाडी चालताना पत्रा हलतो, उन्हात फुगतो, गारव्यात आक्रसतो. एका बाजूची पकड सुटली की केसाएवढी फट पडते. पाणी तिथून आत ओढलं जातं आणि बाकी कडा घट्ट बुजलेल्या असल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मूळ बॉडीबिल्डर शहाणा होता. त्याने खालच्या पट्टीला पाणी निघायला दोन भोकं ठेवली होती. एक पुट्टीत गेलं होतं. दुसऱ्यात कुंभारीण माशीने घरं केली होती. मिस्त्रीच्या पोऱ्याने स्क्रू ड्रायव्हरने उकरलं तर बोराएवढे मातीचे गडू एकापाठोपाठ एक निघाले. त्यात तिने पिल्लांसाठी कोंबून ठेवलेल्या अळ्यांची सुकी टरफलं अजून होती.

पत्रा उघडल्यावर हिशेब कळला. दिसणाऱ्या जागी सागवान, आतल्या आडव्या पट्ट्यांना मात्र जंगली लाकूड. साग काळा पडला होता पण शाबूत होता. जंगली लाकडाचे हाताने तुकडे पडत होते, ओल्या तपकिरी पावासारखे. जिथे लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममधून गेले होते तिथे डोक्याभोवती पांढरी भुकटी आणि पत्र्याला चाळण. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून ओले राहिले की झीज ॲल्युमिनियमची होते. कोरड्या हवेत हे वर्षानुवर्षं चालून जातं, अडकलेल्या पाण्यात जात नाही.

मिस्त्री म्हणाला, “ताई, एवढं उकलू नका. वरून फायबर मारतो. एकसंध तोंड होईल, सांधाच नाही तर गळणार कुठून?”

“आतलं ओलं लाकूड?” मी विचारलं.

“ते राहील आपलं आत. कुणाला दिसतंय?”

मामा खुर्चीतूनच ओरडला, “अहो मिस्त्री, सडलेलं झाकून काय होणार? मागच्यांनी तेच केलं!”

फायबरला माझा विरोध नव्हता. कोरड्या सांगाड्यावर नीट केलेलं फायबर उत्तमच. पण ओल्या लाकडावर रेझिन म्हणजे आतलं पाणी कायमचं डांबून ठेवणं. मिस्त्रीने दोन दिवस तोंड पाडलं, मग स्वतःच पटाशी घेऊन सडका भाग काढायला बसला. सडकं कुठे संपतं ते डोळ्याला कळत नाही. तो पटाशीच्या दांड्याने ठोकत जायचा आणि आवाज बदलला की खूण करायचा. त्या खुणेच्याही पुढे वीतभर कापलं.

नव्या लाकडासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेलो. पेठांतले वाडे पडतात आणि त्यांच्या तुळया, खांब, कडीपाट तिथे येऊन पडतो. त्या ढिगाऱ्यासमोर उभं राहून घासाघीस करताना मला बरं वाटलं नाही, हे खरं. पण शंभर वर्षं छपराखाली सुकलेल्या सागाइतकं न वाकणारं लाकूड नवं मिळत नाही, हेही खरं. अडचण खिळ्यांची. करवतवाला आधी लोहचुंबक फिरवून घेतो, तरी एक घडीव खिळा आत निघालाच आणि पात्याचे दात गेले. त्याचे पैसे अर्थात आमच्याकडून.

उभ्या खांबांचं वरचं लाकूड चांगलं होतं, म्हणून ते पूर्ण बदलले नाहीत. चांगल्या लाकडापर्यंत तिरका काप घेतला, जाडीच्या आठपट लांब, आणि तसाच काप दिलेला नवा तुकडा इपॉक्सीने जोडला. काटकोनात नुसता तुकडा लावला तर पहिल्या खड्ड्यात सांधा बोलतो. कपाळाच्या गोलाईला जाड साग वाकत नाही, तेव्हा तीन मिलिमीटरच्या पट्ट्या काढून, फॉर्म्याभोवती एकावर एक चिकटवून, शिकंजे लावून रात्रभर ठेवल्या. सकाळी सोडल्या तर कमान जागची हलली नाही. मामाने जवळ येऊन बोटांनी चाचपली आणि काहीच बोलला नाही. त्याच्याकडून ही मोठीच पावती.

खरी मजा पत्र्याची. मला वाटत होतं पोचा आलेला पत्रा टाकून नवा लावावा. मिस्त्री हटून बसला. जुना जाड आहे, आता बाजारात असा मिळत नाही, म्हणाला. पण ॲल्युमिनियम ठोकलं की कडक होत जातं आणि जास्त ठोकलं की तडकतं. आधी ते तापवून नरम करावं लागतं. पंचाईत अशी की लोखंडासारखं ते लाल होऊन इशारा देत नाही. चांदीसारखं दिसत राहतं आणि एकदम वितळून खाली पडतं. मिस्त्रीने पोऱ्याकडून कपडे धुवायच्या साबणाची वडी मागवली. पोच्याच्या मागच्या बाजूने कोरडी वडी रगडून पांढरा थर दिला आणि टॉर्चची ज्योत लांबून, एका जागी न थांबवता, फिरवायला लागला. साबण आधी पिवळा झाला, मग तपकिरी. काळा पडायला लागल्याबरोबर ज्योत बाजूला. “बास. आता लोणी झालं.” पत्रा गार झाल्यावर वाळूच्या पिशवीवर पालथा घातला आणि लाकडी हातोड्याने कडेकडून मधे येत ठोकायला सुरुवात केली. मधोमध मारत नाहीत. ताणलेला पत्रा मधे मारला की अजून ताणतो. शेवटी गुळगुळीत लोखंडी ठोकळा मागे धरून हलक्या हाताने एकसारखे ठोके. कसबा पेठेत तांबट आळीवरून जाताना जो ठेका ऐकू येतो तोच, फक्त धातू वेगळा. पोचा पूर्ण गेला नाही. तिरपा उजेड पडला की अजून कळतो. मिस्त्री पुट्टी भरू म्हणाला, मी नको म्हटलं.

रंगाचं थोडक्यात सांगते. रेडऑक्साइड लोखंडाला, ॲल्युमिनियमला इच प्रायमर, नाहीतर रंग पापुद्र्याने सुटतो. रविवार पेठेत मिळाला. सांध्यांना सिलिकॉनऐवजी पत्र्याच्या छपरांना वापरतात ती ब्यूटाइलची चिकट पट्टी लावली. ती कधी वाळत नाही, पत्र्याबरोबर हलत राहते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, प्रत्येकाच्या डोक्याखाली त्याच पट्टीचा कण. खालची दोन भोकं पुन्हा पाडली आणि कुंभारणीसाठी आतून बारीक जाळी बसवली.

मग पाण्याची परीक्षा. पाइप वरून धरला तर पाणी सगळीकडे वाहतं आणि गळती कुठली हे समजत नाही. खालून सुरुवात करायची, एकेका सांध्यावर थांबायचं आणि हळूहळू वर जायचं. पोऱ्या बॅटरी घेऊन आतल्या खणात आडवा. खालची पट्टी कोरडी. कोपरे कोरडे. खिडकी कोरडी. मिस्त्री मिशीत हसायला लागला आणि पाइप पार वरच्या टोकाला गेला. आतून आवाज आला, “आलं!”

कपाळाच्या अगदी माथ्यावर, रात्री उंची कळावी म्हणून लावलेला एक छोटा लाल दिवा होता. त्याची वायर ज्या भोकातून आत आली होती ते उघडंच होतं. पाणी तिथून उतरून सांगाड्याच्या मागून थेट खालच्या कोपऱ्यात जात होतं. आम्ही ज्यांना इतके दिवस शिव्या घातल्या त्या गॅरेजवाल्यांनी पाण्याची बाहेर जायची वाट बुजवली होती, हे खरं. पण पाणी आत येत होतं दुसरीकडूनच, आणि बहुधा फांदी लागायच्या आधीपासून.

“हा दिवा कुणी बसवला?” मिस्त्रीने विचारलं.

सगळे मामाकडे बघायला लागले. मामा म्हणाला, “मग काय अंधारात चालवायची होती?”

वायरला रबरी ग्लँड बसवला आणि ती खाली वळवून आत घेतली, म्हणजे पाणी वळणावरूनच गळून जाईल. मिस्त्री त्यापुढे जाऊन दिवाच काढून टाकायला सांगत होता. मामा ऐकेना. शेवटी दिवा राहिला. जुलैत गाडी उघड्यावर उभी ठेवून पुन्हा सुया टोचल्या तर कोपऱ्यांत पंधरा. भिंतींपेक्षा थोडं जास्त, पण वीसच्या खाली. इपॉक्सीखालचं जुनं लाकूड अजून सुकतंय, असं मिस्त्रीचं म्हणणं. आता आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आहे, दर पाच वर्षांनी ते करावंच लागतं, आणि तिथे विचारतील ते ब्रेकबद्दल, कपाळाबद्दल नाही. ब्रेकचं काम पुढच्या महिन्यात.

मिस्त्रीने बिल अगदी तपशीलवार केलं होतं. करवतीचं पातं, साबणाची वडी, सगळं होतं. दिव्याच्या भोकाचे पैसे तेवढे नव्हते. “ते काकांकडून घेणार,” म्हणाला. मामा म्हणतो, मागू तर दे.