लासूर स्टेशनची पेठ आणि शहरातला मॉल

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली गाडी रोटेगाव, परसोडा, करंजगाव मागे टाकून लासूरला येते. मूळ लासूर गाव शिवना नदीकाठी, वैजापूर तालुक्यात. दाक्षायणी देवीचे स्थान म्हणून ते पंचक्रोशीत परिचित आहे. स्टेशनाची वस्ती मात्र गंगापूर तालुक्यात मोडते आणि ती रेल्वेमुळेच वाढली. निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज मार्ग सुरू झाला. जिथे माल गाडीत चढतो तिथे व्यापारी उतरतो, या जुन्या न्यायाने अशा स्टेशनांभोवती अडत, किराणा आणि कापडाच्या पेढ्या उभ्या राहिल्या.

आज या पेठेचा खरा प्रतिस्पर्धी पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीच्या परिसरात 2010 साली प्रोझोन मॉल सुरू झाला. लासूर शहराच्या पश्चिमेस, मॉल पूर्वेस. तेथे पोहोचायला सारे शहर ओलांडावे लागते. तरीही सुटीच्या दिवशी लासूरची कुटुंबे तिकडे जातात. थंड हवा, सिनेमा, सरकता जिना, आणि काही न घेता दोन तास हिंडले तरी कोणी ‘काय दाखवू?’ म्हणून विचारत नाही. हे शेवटचे सुख पेठेतल्या दुकानदाराला अजून उमगलेले नाही.

पेठेचे बळ मात्र कमी लेखण्यासारखे नाही. येथील कृषी उत्पन्न बाजार समिती कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. ज्यांच्या स्वयंपाकघरात कांदा कधी शिरला नाही, त्या घरांनाही सकाळी कांद्याचा भाव विचारूनच गल्ला उघडावा लागतो. भाव चढला की दुपारपर्यंत पेठेत वर्दळ होते; पडला की ट्रॅक्टर रिकामा परततो आणि दुकानाची पायरीही रिकामी राहते. शेतकरी जिथे विकतो तिथेच त्याच दिवशी खरेदी करतो, ही सोय कोणत्याही मॉलला देता येत नाही. ठिबकची नळी, मोटारीचा सुटा भाग, बी-बियाणे, खत यांसाठी चिकलठाण्याला कोण जाणार?

खर्चातही पेठ हलकी आहे. मॉलमधल्या दुकानाला भाडे, देखभाल, वीज आणि पगार यांचा बोजा दरमहा चुकत नाही. येथे बहुधा जागा स्वतःची, राहणे वरच्या मजल्यावर आणि गल्ल्यावर घरचाच माणूस. मंदीचे दोन महिने अशी पेढी सोसू शकते.

हानी होते ती कापड, पादत्राणे आणि मोबाइलच्या दुकानांत. पूर्वी लग्नाचा बस्ता गावच्या पेढीवर फाटत असे. वऱ्हाड गादीवर बसे, चहा होई, शंभर लुगडी उलगडली जात. आता पैठणीसाठी येवला आणि उरलेल्या कपड्यांसाठी शहर. त्यातही बोचणारी गोष्ट निराळीच आहे. जूनमध्ये पेरणीचे बियाणे आणि घरचा किराणा लासूरच्या खात्यावर लिहिला जातो. हंगामात हाती रोख आली की तिच्यातला पहिला वाटा मॉलच्या काउंटरवर मोजला जातो. उधारी पेठेची, रोख मॉलची. वहीतला विश्वास ही पेढीची पुंजी खरी, परंतु तिच्यावर व्याज दुसराच कोणी खातो आहे.

काही तरुणांनी हे ओळखले आहे. ठळक किंमत लिहिलेला माल, बदलून देण्याची हमी, मोबाइलवर नव्या मालाची छायाचित्रे असे बदल त्यांनी केले. वडीलधाऱ्यांना घासाघीस नसलेला सौदा अळणी वाटतो. पण खाते ठेवणाऱ्या पेढीने एकच भाव ठेवला, तर ग्राहकाकडे शहरात जाण्याचे एक कारण तरी कमी होईल. समृद्धी महामार्गाने आता अंतरही आकुंचित केले आहे. ज्या रस्त्याने माल लवकर येतो, त्याच रस्त्याने गिऱ्हाईकही लवकर जाते.

दिवस कलला की पेठेत चौविहाराची घाई सुरू होते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून गल्ल्यावर मुनीम बसवून शेटजी वर जातात. तेवढ्यात स्टेशनाकडून रिक्षा येऊन दुकानापुढे थांबते. घरचीच सून आणि नातवंडे उतरतात. हातात मॉलच्या पिशव्या. मुनीम नजर वहीकडे वळवतो.