कठड्यावर राहिलेली मेणबत्ती



या प्रायश्चित्तकाळात मी एका दिवसाची यात्रा करून आलो. विजयवाड्याजवळच्या गुणदला इथल्या माउलीच्या डोंगरावर गेलो होतो. आपल्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आलेले आहेत, पण बहुतेक जण फेब्रुवारीच्या 9, 10 आणि 11 तारखेला जातात. तेव्हा लाखोंची गर्दी असते. मी मुद्दाम सण संपल्यावर, मार्चमधल्या एका मंगळवारी गेलो. मला गर्दी नको होती. का नको होती, ते आज लिहितो. लिहायला थोडे जड जाते आहे.

धर्मग्रामात स्वयंसेवक म्हणून मी गेली अकरा वर्षे काम करतो. गळ्यात पट्टा, हातात शिट्टी, सणाच्या दिवशी दोरी धरून उभे राहायचे. खुर्च्या मांडणे, रांगा लावणे, पाण्याचे कॅन आणवणे, मिस्सा संपली की आवार झाडून घेणे. ही कामे मला आवडतात. फादर कधी चारचौघांत नाव घेतात, तेही आवडते. खोटे कशाला बोलू?

गेल्या 8 सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्माच्या सणाला, संध्याकाळी आमच्याकडे खूप गर्दी होती. फुले आणि मेणबत्त्या अर्पण करणाऱ्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. मी सकाळपासून उभा होतो. तेवढ्यात एक म्हातारी बाई बाजूच्या दाराने आत आली आणि सरळ माउलीच्या पुतळ्याकडे निघाली. अंगावर विटकी साडी, हातात एक मेणबत्ती. मी तिला ओरडून म्हणालो, "ओ अम्मा, पीछे जा! लाइन नहीं दिखती क्या तेरे को?"

हैदराबादेत राहणाऱ्यांना सांगायला नको, इथल्या बोलीत 'तुम' आणि 'तू' यांत किती अंतर आहे. माझ्या आईच्या वयाच्या बाईला मी 'तू' म्हटले, आणि तेही माउलीच्या समोर. ती काही बोलली नाही. माझ्याकडे क्षणभर पाहिले, हातातली मेणबत्ती तिथल्या कठड्यावर ठेवली आणि आली तशी बाजूच्या दाराने निघून गेली. रांग पुढे सरकत राहिली. मी शिट्टी वाजवली.

रात्री आवार झाडताना ती मेणबत्ती तिथेच होती. साधी, पांढरी, बोटभर जाडीची. मी ती उचलून पिशवीत टाकली. पुढच्या रविवारी ती बाई दिसेल, तेव्हा माफी मागू आणि मेणबत्ती तिच्या हातात देऊ, असे ठरवले. तो रविवार गेला, त्यानंतरचाही गेला. तिचे नाव मला माहीत नाही, घर माहीत नाही. दोन-तीन बायकांना विचारले, फाटकाशी फुले विकणारीला विचारले. कोणाला सांगता येईना. नाताळ आला आणि गेला. मेणबत्ती माझ्या कपाटात, पट्ट्याशेजारी तशीच पडून होती.

मी फादरांकडे पापनिवेदन केले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि क्षमेचे शब्द उच्चारले. देवाने क्षमा केली, यावर माझा विश्वास आहे. पण त्या बाईने केली की नाही, हे कोण सांगणार? राख बुधवारी कपाळावर राख घेऊन घरी आलो, कपाट उघडले, आणि मनाशी म्हटले, ही मेणबत्ती माउलीपुढे लावण्यासाठी आणलेली होती. निदान ती तरी पोहोचवू.

बरकतपुऱ्याहून ऑटोने महात्मा गांधी बस स्थानकावर, म्हणजे आपल्या इमलीबनला गेलो आणि रात्रीची बस पकडली. अंतर सुमारे 275 किलोमीटर. ज्या महामार्गाने बस जाते तो पुण्याहून निघतो, सोलापूरवरून हैदराबादला येतो आणि विजयवाड्यावरून पुढे मछलीपट्टणमला समुद्रापाशी संपतो. माझे आजोबा अहमदनगर जिल्ह्यातून मनमाडच्या गाडीने आले आणि काचिगुड्याला उतरले ते इथलेच झाले. आमच्या घरात मरियेला अजूनही 'मातमाउली' म्हणतात, कारण आजीच्या मनात शेवटपर्यंत श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मातमाउलीची यात्रा होती. आम्ही मुले विचारायचो, "आजी, मातमाउली मराठी बोलते का गं?" ती म्हणायची, "जो जसा हाक मारील तशी ती बोलते." हे वाक्य त्या दिवशी मला पुन्हा आठवणार होते.

पहाटे विजयवाड्याला उतरलो. गुणदला शहराच्या कडेलाच आहे, ऑटोने फार वेळ लागत नाही. 1924 मध्ये फादर अर्लाती या इटालियन मिशनरींनी इथल्या डोंगरावर लूर्दच्या माउलीचा पुतळा बसवला. ते तेव्हा तिथल्या सेंट जोसेफ अनाथाश्रमाचे प्रमुख होते आणि विजयवाड्याला बेझवाडा म्हणत. शंभर वर्षांत त्या एका पुतळ्याभोवती एवढे मोठे तीर्थक्षेत्र उभे राहिले. खालचे मोठे चर्च 1971 चे. तिथून पायऱ्या वर डोंगराच्या अंगावरच्या गुहेकडे जातात आणि वाट त्याहून वर, माथ्यावरच्या क्रुसापर्यंत जाते. लोक जपमाळ करत चढतात. नवस फेडायला कोणी केस देतात, कोणी नारळ फोडतात. ज्याची जशी रीत, तशी त्याची भक्ती. माउलीच्या दारी तेलुगू घरातल्या सगळ्या रीती आलेल्या आहेत.

त्या मंगळवारी मात्र तिथे अगदी शांतता होती. ऊन अजून चढले नव्हते. एक तरुण जोडपे लहान बाळाला घेऊन हळूहळू वर जात होते. एक माणूस एकेका पायरीवर थांबून पुटपुटत होता. मीही जपमाळ काढली. अकरा वर्षांत मी किती जपमाळा केल्या असतील, पण दोरी हातात नसताना, कोणाकडे लक्ष ठेवायचे नसताना केलेली ही पहिलीच. सुरुवातीला मन सारखे इकडेतिकडे धावत होते. इथे डबा ठेवायला हवा होता, तिथे कठडा सैल आहे, असेच काहीबाही. दुसऱ्या दशकापर्यंत ते थकले आणि गप्प झाले.

गुहेपाशी पोहोचलो आणि त्याच तंद्रीत सरळ पुढे गेलो. पायात चपला होत्या, हे माझ्या ध्यानातच नव्हते. आजूबाजूला सगळे अनवाणी. एक म्हातारी बाई खराट्याने पाने झाडत होती. ती खराटा टेकून थांबली आणि म्हणाली, "अय्या, चेप्पुलु इक्कड पेट्टंडी." म्हणजे, चपला इथे ठेवा. मी ओशाळून मागे झालो. ती लगेच हसून म्हणाली, "परवालेदंडी." काही हरकत नाही हो.

तेलुगूत शेवटी जोडलेला तो 'अंडी' म्हणजे आपला 'अहो', आपला 'जी'. मी चुकलो होतो. तिच्या झाडलेल्या जागेवर चपलांनिशी उभा होतो. ओरडायचा तिला पूर्ण हक्क होता, आणि पहाटेपासून तीही वाकूनच होती. तिने मला दोनदा 'अंडी' म्हटले.

मी चपला ठेवल्या आणि गुहेसमोर बसलो. वर माउलीचा पुतळा, आणि मला बर्नादेत आठवली.

तिची गोष्ट आपण दरवर्षी 11 फेब्रुवारीला ऐकतो. 1858 साली त्याच दिवशी लूर्द गावाबाहेर ती सरपण गोळा करायला गेली होती. वय चौदा वर्षे, दम्याचा आजार, लिहिता-वाचता येत नव्हते. वडिलांची गिरणी गेलेली आणि सगळे कुटुंब एका जुन्या, टाकून दिलेल्या तुरुंगाच्या खोलीत राहायचे. अशा मुलीला गावात आदराने कोण बोलणार? गुहेतली ती स्त्री तिसऱ्या भेटीत, 18 फेब्रुवारीला, पहिल्यांदा बोलली. बर्नादेतने तिच्यापुढे कागद आणि दौत धरून नाव लिहून द्यायला सांगितले, तेव्हा तिने त्याची गरज नाही म्हटले. मग विनंती केली: आपण कृपा करून पंधरा दिवस इथे याल का? ती बर्नादेतच्या गावच्या बोलीत बोलली, आणि त्या बोलीतला आदरार्थी शब्द तिने वापरला. बर्नादेतने पुढे लोकांना हे आवर्जून सांगितले, की ती मला 'आपण' म्हणाली.

ही गोष्ट मी प्रवचनात कितीदा ऐकली आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना सांगितलीही आहे. पण माझे लक्ष नेहमी झऱ्याकडे, चमत्काराकडे, बऱ्या झालेल्या आजाऱ्यांकडे असायचे. त्या सकाळी कळले की झरा फुटण्याच्याही आधी एक गोष्ट घडली होती. स्वर्गाच्या राणीने एका दरिद्री मुलीला 'आपण' म्हटले होते. आजी म्हणायची तशी ती तिच्या बोलीत बोलली, आणि मान देऊन बोलली. आणि तिच्याच पुतळ्यापुढे, तिच्याच सणाला, तिच्या एका लेकीला मी 'तू' म्हणून हाकलले. तीही बर्नादेतसारखीच रिकाम्या हाताची, एक मेणबत्ती तेवढी घेऊन आलेली.

मी पिशवीतून मेणबत्ती काढली. वारा होता, दोनदा विझली. त्या झाडणाऱ्या बाईने आपल्या पदराचा आडोसा केला, तेव्हा ती लागली. मी तिला तेलुगूत एवढेच सांगितले की ही माझी नाही, दुसऱ्या एका अम्मांची आहे. तिने नाव विचारले, म्हणजे त्या नावाने ती प्रार्थना करील. मला नाव सांगता आले नाही. तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिले, मग क्रुसाची खूण केली आणि पुन्हा खराटा उचलला.

मला हलके वाटले, असे मी लिहिणार नाही. रडूही आले नाही. मेणबत्ती जळून संपेपर्यंत बसलो, मग माथ्यावरच्या क्रुसापर्यंत चढलो आणि खाली आलो. परतीच्या बसला वेळ होता म्हणून कृष्णेच्या काठी गेलो. महाबळेश्वरला निघालेली, वाईची, सांगलीची, नरसोबाच्या वाडीची कृष्णा इथे केवढी रुंद झालेली आहे! वाटेत तिने किती भाषा ओलांडल्या, आणि कुठल्याही काठाला ती परकी नाही.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. सण सोडून, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. पहाटेच चढा, मार्चपासून ऊन फार होते. गुडघे दुखत असतील तर घाई करू नका, दर दशकाला थांबत जा. आणि कोणाची मेणबत्ती तुमच्याकडे राहिली असेल, तर ती बरोबर न्या.

परत आल्यावर मी फादरांना विचारून एक छोटी गोष्ट केली. सणाच्या दिवशी बाजूच्या दाराशी आता चार खुर्च्या असतील. वृद्ध, आजारी, बाळंतिणी यांनी रांगेत उभे राहायचे नाही. 11 फेब्रुवारी हा जागतिक आजारी दिन म्हणून पाळायला पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 मध्ये सांगितले, आणि आपण त्यांनाच रांगेत उभे करत आलो. दुसरे, नव्या स्वयंसेवकांना शिट्टी देण्याआधी मी त्यांना ही सगळी हकीगत सांगतो, माझे नाव न लपवता. 'अंडी' म्हणा, 'जी' म्हणा, 'अहो' म्हणा. त्याला वेळ लागत नाही.

त्या अम्मांना मी अजून शोधतो आहे. दर रविवारी मिस्सा सुरू होण्याआधी बाजूच्या दाराकडे माझी नजर जाते. त्या आल्या तर एक नवी मेणबत्ती माझ्या खिशात तयार असते.

प्रभू येशू, तू तुझ्या शिष्यांचे पाय धुतलेस. तुझ्या दारात उभे राहायला ज्यांना तू नेमले आहेस, त्यांच्या जिभेवर पहारा ठेव. आमच्या शब्दाने जो कोणी तुझ्या दारातून परत गेला असेल, त्याला तू स्वतः जाऊन हाक मार. मातमाउली, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.