मुंबईला, पण कुणाकडे?

हिंगोलीहून मुंबईला जाणं आता सोपं झालंय. जालन्यापर्यंतच येणारी जनशताब्दी 2024च्या मार्चपासून हिंगोलीपर्यंत वाढवली. मोबाईलवर तिकीट काढायचं, खुर्चीत बसायचं आणि थेट सीएसएमटीला उतरायचं. आमच्या पिढीला मीटरगेजने आधी पूर्णा गाठावी लागे, तिथून पुन्हा मीटरगेजनेच मनमाड, आणि मनमाडला बोचकी, ट्रंक, पोरं मोजून घेत ब्रॉडगेजच्या गर्दीत घुसावं लागे. त्या प्रवासाचं कौतुक सांगणाऱ्या माणसाला एकदा मनमाडच्या फलाटावर रात्र काढायला लावावी. तरीही जनशताब्दीत बसलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, हे कबूल करायला हवं.

राहून जातं ते पोस्टकार्ड. ‘अमुक तारखेस निघत आहोत, दादरला उतरवून घ्यावे.’ एवढाच मजकूर. उत्तर येवो न येवो, आम्ही निघायचो. नाही म्हणायची सोय त्या कार्डात ठेवलेलीच नव्हती. ‘मुंबईला जातोय’ म्हटलं की गावात पहिला प्रश्न यायचा, ‘कुणाकडं?’ आज विचारतात, ‘किती दिवसांचं पॅकेज?’

आमचं ‘कुणाकडं’ म्हणजे लोअर परळची एक चाळ. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागातून जी माणसं मुंबईला गेली, त्यांतले एक लांबचे मामा गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटले होते. खोली दहा बाय बाराची, त्यात मामांचं कुटुंब आणि दोन गाववाले. कुणी रातपाळीहून आला की पहिल्या पाळीला निघालेल्याची वळकटी त्याला मिळे. मध्येच आम्ही पाच जण, दशम्या आणि मिरचीचा ठेचा घेऊन हजर. पहाटे भोंगा व्हायचा आणि आम्ही पोरं दचकून उठायचो. मामी तर कधीच उठून नळावर रांगेत उभी असायची. आम्हाला तो भोंगा मजेचा वाटे. मामीला काय वाटे, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

आता त्याच लोअर परळला आम्ही नातवंडांना घेऊन जातो. 1905 साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे आणि गिरणीची चिमणी मधोमध राखून ठेवलीय. धूर नाही, भोंगा नाही. माणसं चिमणीखाली उभं राहून फोटो काढतात. एसी आहे, स्वच्छतागृह आहे, बसायला बाक आहेत. चाळीत सकाळी संडासाच्या रांगेत डबडं धरून उभ्या राहिलेल्यांनी या बदलाला नावं ठेवू नयेत. कापसाचे तंतू छातीत जाऊन मामांना लागलेला खोकला आम्ही रात्ररात्र ऐकलाय, त्यामुळे साचेखात्याची महती सांगताना आमची जीभ जरा अडखळतेच.

परत निघताना मिलच्या दुकानातून कापड घ्यायचं, हा एक सोहळा असे. मामा ओळखीने आत नेत, तुकडा स्वस्त मिळे, मग त्याच एका थानातून घरातल्या सगळ्या पोरांचे शर्ट शिवले जात आणि दिवाळीला आम्ही बँडपथकासारखे दिसत असू. आपल्याकडचा कापूस गाठी होऊन याच गिरण्यांत येतो, असं मोठी माणसं सांगत. म्हणजे आमचाच कापूस आम्ही विकत घेऊन परत नेत होतो, तेही उपकार झाल्यासारखे. आता हिंगोलीच्या शिवारात सोयाबीन आणि हळद आहे, आणि नातवंडांचे शर्ट घरबसल्या येतात.

18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही, गिरण्याच संपल्या. मामा गावी परतले, आमच्या पोस्टकार्डाचा पत्ता गेला.

बंदराचंही तसंच. तेव्हा गोदीच्या भिंतीवरून क्रेनची टोकं तेवढी दिसायची. आत जायला पास लागे. मग भाऊच्या धक्क्यावर नाक दाबून उभं राहायचं आणि बोटी बघायच्या. फुकट. 1944 साली ज्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला, ती आता बुजवून टाकलीय. मालाची मोठी ये-जा 1989पासून पलीकडे न्हावा-शेवाकडे गेली. बॅलार्ड पिअरला आलिशान क्रूझ टर्मिनल झालंय. ससून डॉकच्या भिंतींवर 2017मध्ये चित्रं रंगवली, ती बघायला लोक आले. कोळणी आणि कोळंबी सोलणाऱ्या बाया त्याआधीही तिथेच होत्या. मासळीचा वास मात्र अजून कुणाला सुशोभित करता आलेला नाही. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. नातवाने नाक दाबलं तेव्हा बरं वाटलं.

आता जरा खरं बोलू. ‘कामगारांचं शहर पर्यटकांनी बळकावलं’ म्हणून आम्ही हळहळतो. पण पर्यटक तेव्हाही आम्हीच होतो, फक्त फुकटे. मामांच्या कष्टांवर राणीची बाग बघितली, मामीच्या रॉकेलवर चहा प्यायलो. आता हॉटेलात आधार कार्ड दाखवून पैसे मोजतो, आणि रिसेप्शनवरचा मुलगा हसून स्वागत करतो. मामी हसत नसे. पण निघताना ती हातावर दही घाली आणि ‘पुन्हा या’ म्हणे, तेव्हा आम्ही पुन्हा येणार हे तिला ठाऊक असे. आणि भीतीही असणार.

गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांनाही घरं द्यायचं ठरलं होतं. दीड लाखाहून अधिक कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. बहुतेकांना अजून घर मिळालेलं नाही, आणि आता त्यांच्यापुढे शेलू आणि वांगणीच्या घरांचा पर्याय ठेवलाय. उद्या आमच्या नातवंडांना पुन्हा मुंबईला ‘कुणाकडं तरी’ जायचं झालं, तर तिथेच उतरावं लागेल. वांगणी ठाणे जिल्ह्यात आहे आणि शेलू रायगडमध्ये.