सहाशेचा पेपर

गेले तीन महिने इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, सर, तब्येत बरी आहे ना? तब्येत उत्तम आहे. (ताईसाठी खास: गुडघाही बरा आहे.) लिहिलं नाही, कारण हात दुसऱ्याच कामात अडकले होते. मी लेथ चालवायला शिकत होतो.

हसून घ्या. आमच्या घरीही हसून झालंय. मराठी घेऊन बी.ए. झालेला, चौतीस वर्षं हातात खडू धरलेला माणूस चौऱ्याहत्तराव्या वर्षी लेथपुढे उभा राहतो म्हटल्यावर हसू येणारच. सौ. म्हणाली, "भिंतीत खिळा ठोकायचा तर तुम्ही सुतार बोलावता!" खरं आहे. पण काय झालं ते सांगतो.

याची सुरुवात डोळ्यापासून झाली. दोन वर्षांपूर्वी माझं उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आत अ‍ॅक्रिलिकचं भिंग बसवलंय. मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून घरी आल्यावर वाचून काढलं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटवरच्या छताचे तुकडे घुसत. ते छत अ‍ॅक्रिलिकचं होतं. हॅरॉल्ड रिडले नावाच्या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं, की हे तुकडे डोळ्यात वर्षानुवर्षं राहिले तरी डोळा चिडत नाही. मग याच पदार्थाचं भिंग का करू नये? १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांनी असं पहिलं भिंग बसवलं. तेव्हाची भिंगं कडक होती, माझ्या डोळ्यातलं मऊ, घडी घालून आत सरकवलेलं. पण कूळ एकच. ज्याला आपण "प्लास्टिक" म्हणून नाक मुरडतो, त्यातूनच मी आज हे टाइप केलेलं वाचतो आहे.

डोळा सुधारला, पण बोटं बिघडली. अंगठ्याचा सांधा धरतो. बाजारातले बारीक पेन हातात फिरतात, अक्षर कोंबडीचे पाय काढल्यासारखं येतं. मला जाड पेन हवा होता, कांडीसारखा. तो कुठे मिळेना.

तेव्हा आठवण झाली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. इथे चंद्रपुरात त्याचं लहानसं लेथचं दुकान आहे. खाणींच्या आणि सिमेंट कारखान्यांच्या यंत्रांना लागणारे बुश, पिना, शाफ्ट तो कातून देतो. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, एक पोरगा मदतीला. मी पेनाचं म्हटलं तर तो म्हणाला, "सर, मी तर पाच मिनिटात करून देतो जी. पण तुम्हीच करा ना. मी दाखवतो." बहुधा त्याला वाटलं असावं की म्हातारा एक दिवस येईल आणि विसरेल. मी रोज संध्याकाळी जाऊ लागलो.

आता कुणी म्हणेल, सागाच्या मुलखात राहून प्लास्टिक कशाला कातता? २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं ते आमच्याच जिल्ह्यांतलं. खरं आहे. पण सागाचा पेन घामानं काळा पडतो, आणि आमच्या उन्हाळ्यात घामाला तोटा नाही. शिवाय डोळ्यातल्या भिंगानं अ‍ॅक्रिलिकशी नातं जोडून दिलं होतंच. नागपूरहून सोळा मिलिमीटरची निळी कांडी मागवली.

लेथ म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. कुंभाराचं चाक आडवं केलं असं समजा. चकमध्ये जॉब, म्हणजे आपली कांडी, पकडायची. ती गरगर फिरते. टूल जागेवर घट्ट असतं, आपण ते चाक फिरवून हळूहळू पुढे नेतो आणि ते साल काढत जातं. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या गळ्यातला दुपट्टा काढून खुंटीला टांगला आणि बाह्या कोपरापर्यंत वर करायला लावल्या. "कापड गुंडाळलं तर मशीन माणूस पाहत नाही, सर." डोळ्यांवर जाड चष्मा. वर्गात मी त्याला बस म्हटलं की तो बसायचा, इथे तो उभं राहा म्हटलं की मी उभा राहायचो!

अ‍ॅक्रिलिक मोठं मानी आहे. लोखंड गरम झालं तरी सहन करतं, हे शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. टूल बोथट असेल किंवा घाई केली तर कातलं जाण्याऐवजी वितळून टूलला चिकटतं. फार खोल घास घेतला तर टवका उडतो. टूलला चांगली धार असेल आणि घास बारीक असेल, तर रिबिनीसारखी लांब अखंड साल निघते. ती पाहत बसावीशी वाटते. रिफिलसाठी भोक पाडताना ड्रिल थोडं आत न्यायचं, बाहेर काढायचं, भुगा साफ करायचा, साबणाचं पाणी सोडायचं, पुन्हा आत. माझी पहिली कांडी मी एका दमात भोसकायला गेलो, ड्रिल आतच चिकटलं आणि कांडी उभी तडकली. दुसरी मी स्पिरिटनं पुसली. डोळ्यांदेखत तिच्यात बारीक बारीक भेगांचं जाळं पसरलं. अ‍ॅक्रिलिकला स्पिरिट चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

गंमत पहा, चन्नपट्टणचे कारागीर लाकडी खेळणी कातताना फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर रंग चढतो. तिथे उष्णता मदतनीस, इथे वैरी. यंत्र तेच, पण जॉब बदलला की रीत बदलते. शिक्षकानं हे वेगळं शिकायची गरज नव्हती, तरी शिकलो.

पेन कातण्याचा इतिहासही आपल्या विदर्भाला अगदीच परका नाही. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी फाउंटन पेन घडवला. तो कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचला, आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना आभाराचं पत्र पाठवलं. वर्धा आमच्यापासून दोन-तीन तासांवर. एका कारागिराचा पेन परदेशी पेनाच्या जागी चालतो, हे तिथे बसून कुणीतरी लिहून बघितलं होतं, हे आठवून मला उगीच बळ आलं.

तिसरी कांडी जमली. आटे पाडायचं काम त्यानंच केलं, बाकी कातणं माझं. तेरा मिलिमीटर जाडी, बोटं टेकतात तिथे किंचित खोलगट. आता राहिलं फिनिशिंग.

कातून निघालेलं अ‍ॅक्रिलिक धुरकट दिसतं, थंडीत काचेवर वाफ धरावी तसं. त्यावर वॉटर पेपर चालवायचा, पाणी लावून. आधी चारशे नंबरचा, मग सहाशे, आठशे, हजार, पंधराशे, दोन हजार. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. शेवटी फलाटीनच्या कापडावर पॉलिश. प्रत्येक पेपरचं काम एकच असतं: आधीच्या पेपरनं पाडलेले ओरखडे काढून त्याहून बारीक ओरखडे पाडायचे. म्हणून प्रत्येक पेपरनंतर मशीन बंद करायचं, कांडी लांबीच्या दिशेनं हातानं घासायची, पुसायची, उजेडात बघायची. आडवे ओरखडे दिसले तर पुढे जायचं नाही.

त्या दिवशी पॉलिशचा नवीन डबा आला होता. त्यानं तो माझ्या हातात दिला. "सर, कसं वापरायचं लिहिलं आहे, वाचून द्या ना जी. चष्मा घरी राहिला." मी वाचून दिलं. मराठीतही लिहिलं होतं, चार ओळी. डबा परत देताना माझं लक्ष गेलं. चष्मा त्याच्या खिशात होता.

मी काही बोललो नाही. पेपर मारायला लागलो. मन थाऱ्यावर नव्हतं. चारशे झाला, मग हाताला आठशेचा आला. पुढे हजार, पंधराशे, दोन हजार. पॉलिश केलं. पेन असा चमकला की मदतनीस पोरगाही बघायला आला. मी ऐटीत तो माझ्या विद्यार्थ्याच्या हातात ठेवला. त्यानं दाराशी नेऊन उजेडात तिरपा धरला.

"सर, तुम्ही सहाशेचा पेपर गाळला."

मी म्हटलं, नाही. त्यानं पेन माझ्यासमोर तसाच तिरपा धरला. निळ्या चमकीच्या आत बारीक गोल गोल रेघा होत्या. आधीच्या कुठल्याच पेपरला त्या दिसल्या नव्हत्या, पॉलिश झाल्यावर दिसल्या.

"चारशेचा ओरखडा दोन हजारनं जात नाही जी. घासत राहिलं तर वरवर चमकते फक्त."

मी स्टुलावर बसलो. मला १९९३ सालचा सातवीचा वर्ग आठवला. मराठीच्या पेपरात त्याला तेवीस होते. जोडाक्षर आलं की तो अडायचा, आणि पुढचा शब्द अंदाजानं म्हणायचा. मला ते माहीत होतं. पण त्याचे वडील खाणीवर मजूर, पोरगा नापास झाला तर दुसऱ्या दिवशी शाळेतून काढतील हेही माहीत होतं. मी पेपर परत काढला. निबंधात चार, पत्रात तीन, व्याकरणात पाच असे बारा गुण शोधले आणि पस्तीस केले. आपण फार मोठं पुण्य केलं असं वाटलं होतं तेव्हा. आठवीच्या मास्तरांनी मानलं असेल की हा सातवीचं शिकून आलाय. नववीत तो नापास झाला आणि लेथवर हेल्पर म्हणून लागला. आज व्हर्नियरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग तो क्षणात वाचतो. ड्रॉइंग वाचतो. आणि डब्यावरच्या चार मराठी ओळी वाचायची वेळ आली, की चष्मा घरी राहतो.

मी त्याला सरळ विचारलं. तो आधी हसला, मग मशीन पुसायला लागला. म्हणाला, "नावं-गावं वाचतो जी. लंबं वाक्य असलं की मागचं विसरून जातो. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवते, मग पोरगी वाचून देते." पोरगी येत्या जूनला नागपूरला शिकायला जाणार आहे.

"माझी चूक झाली रे," मी म्हटलं.

"काहून सर? तुम्ही पास केलं नसतं तर बापानं तेव्हाच खाणीवर नेलं असतं. दोन वर्षं शाळेत होतो म्हणून आकडेमोड तरी आली." थोडं थांबून म्हणाला, "फक्त पास केल्यावर थोडं थांबवून शिकवलं असतं तर..." आणि तिथेच सोडून दिलं.

मंडळी, तेव्हापासून हाच विचार डोक्यात आहे. २०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि राज्यांना पाचवी-आठवीला तशी मुभा मिळाली. शिक्षकांच्या घोळक्यात मी दोन्ही बाजूंचे वाद ऐकलेत, घातलेही आहेत. वर घालायचं की मागे ठेवायचं? पण पोराला वर घातल्यानं ओरखडा जात नाही, आणि मागे ठेवल्यानंही आपोआप जात नाही. कुणीतरी सहाशेचा पेपर हातात घेऊन बसावं लागतं. ते माझं काम होतं. मी गुण दिले आणि काम झालं असं समजलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज अर्धा तास बसवलं असतं तर जमलं असतं. ती सुट्टी मी कशात घालवली, आठवतही नाही.

पेनाचं काय झालं? मी विचारलं, आता टाकून द्यायचा का? तो म्हणाला, "टाकता कशाला? मागे जायचं. सहाशेपासून परत सगळे पेपर. जरासा बारीक होईल, बस." दोन संध्याकाळी लागल्या. मापलं तर पेन थोडा कमी भरला, पण हातात ते कळत नाही. उजेडात तिरपा धरून त्यानं बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "आता ठीक आहे."

त्यानंतर आमचं असं ठरलंय. संध्याकाळी साडेसहाला लेथ बंद झाला की अर्धा तास. पुस्तक नाही, त्याच्याच गिऱ्हाइकांचे निरोप, त्याचं बिलबुक, पॉलिशचा डबा. पहिल्या दिवशी त्यानं पोराला आधी घरी पाठवलं आणि शटर निम्मं खाली ओढलं. मी विचारलं नाही का ते. चष्मा मात्र त्यानं खिशातून काढून डोळ्यावर लावला.

आता तीन आठवडे झालेत. जोडाक्षरं सुटायला लागलीत. लांब वाक्यात अजून अडतो. निळ्या पेनानं मी वाक्य मोठ्या अक्षरात लिहितो, तो वाचतो, अडला की मी थांबतो. अंदाजानं पुढचा शब्द म्हटला की परत मागे. "ठीक आहे" म्हणायला अजून वेळ आहे.

जूनपर्यंत इथे लिहिणं कमी होईल. समजून घ्या.