हजेरीपटापलीकडची मुले

२० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, कोलंबाइन हायस्कूलमध्ये, तेथीलच दोन विद्यार्थ्यांनी १२ सहाध्यायांचे व एका शिक्षकाचे प्राण घेतले आणि अखेरीस स्वतःचाही अंत करून घेतला. या घटनेच्या छायेत गस व्हॅन सँट या दिग्दर्शकाने ‘एलिफंट’ हा ८१ मिनिटांचा चित्रपट निर्माण केला. २००३ साली कान चित्रपट महोत्सवात त्याला ‘पाम दोर’ आणि दिग्दर्शनाचे पारितोषिक असे दोन्ही मान मिळाले, तेव्हा त्याच्याविषयीचा वाद शमण्याऐवजी अधिकच पेटला. एका पक्षाने त्यास निर्भय व करुणगंभीर कलाकृती म्हणून गौरविले. दुसऱ्याने तितक्याच तळमळीने अशी फिर्याद मांडली, की मुलांच्या हत्येसारखा विषय हाती घ्यायचा, तो मोहक छायाचित्रणाने मांडायचा, आणि ‘असे का घडले?’ या प्रश्नापुढे मात्र मौन धरायचे, हा निव्वळ बेजबाबदारपणा होय.

ही फिर्याद मी क्षुल्लक मानीत नाही. ज्यांची मुले सकाळी शाळेत गेली व परतली नाहीत, त्यांना कारण विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. समाजालाही तो आहे, कारण निदानावाचून बंदोबस्त होत नाही. परंतु निदानाची घाई किती फसवी असते, याचा दाखला त्याच प्रकरणात सापडतो. लांब काळे कोट घालणारे एक टोळके, विशिष्ट संगीत, संगणकावरील खेळ, यांच्याकडे बोटे दाखवून लोकांनी थोड्याच दिवसांत फैसला करून टाकला. आणि ते दोघे त्या टोळक्याचे सभासद होते, ही गोष्टच पुढे निराधार ठरली.

व्हॅन सँट याने निराळी वाट धरली. पोर्टलंड येथील बंद पडलेल्या एका शाळेच्या इमारतीत, बहुतेक अननुभवी मुलांना घेऊन आणि पुष्कळसे संवाद त्यांना सुचतील तसे बोलू देऊन, त्याने एक साधा दिवस उभा केला. हॅरिस सॅव्हिडिस यांचा कॅमेरा त्या मुलांच्या पाठीमागून लांबलचक बोळांतून संथपणे चालत राहतो. एलियस हा मुलगा जॉन या दुसऱ्या मुलाचे छायाचित्र टिपतो आहे आणि बाजूने मिशेल ही मुलगी धावत जाते आहे, हा एकच क्षण तीनदा, तीन मुलांच्या बाजूने दिसतो. एरवी अशा प्रकरणाची चौकशी घटनेपासून मागे जाते आणि वाटेतील प्रत्येक वस्तूकडे पुरावा म्हणूनच पाहते. येथे मात्र मृतांच्या यादीत नोंदली जाण्यापूर्वीची ती सकाळ मुलांना त्यांची स्वतःची म्हणून परत मिळते.

या चित्रपटाचे मर्म मला जॉनच्या प्रसंगात दिसते. मद्यधुंद वडिलांच्या हातून मोटार काढून घेऊन, त्यांची व्यवस्था लावण्याची खटपट करीत तो शाळेत उशिरा पोहोचतो. उशिराबद्दल त्याला शिक्षा होते, उशिराचे कारण कोणी विचारीत नाही, आणि तो एका रिकाम्या खोलीत जाऊन रडतो. जॉन कोणाचा घात करीत नाही. सहाध्यायी मुलींच्या कुचेष्टेला मुकाट्याने तोंड देणारी मिशेलही करीत नाही. म्हणजे उपेक्षेतून हत्या निपजते, असे सोपे समीकरण येथे नाही. उपेक्षा ही स्वतःच एक इजा आहे, मग तिच्यातून पुढे काही निपजो वा न निपजो.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र मला मान्य करावे लागते. नाझींची दृश्ये आणि गोळीबाराचा खेळ या प्रचलित कारणांना दिग्दर्शक ओझरता स्पर्श करून पुढे जातो, तेव्हा त्याचे मौन डळमळते. कारण नाकारण्याचे धैर्य त्याला पुरते साधत नाही. पण चित्रपटातील हल्लेखोर मुलांच्या घरी पार्सलाने बंदूक येते, हे दृश्य मी अनिवार्य समजतो. बंदूक हे हत्येचे कारण नव्हे, साधन आहे. आणि मनातील कारणे अगम्य राहिली, तरी साधनांवर कायद्याने अंकुश ठेवता येतो.

कारणमीमांसेचे कार्य तपास अधिकाऱ्यांनी व मानसशास्त्रज्ञांनी चालू ठेवावे. त्यांची नितांत गरज आहे. परंतु शाळा म्हणून जी संस्था आपण उभी करतो, तिचे दप्तर कितीही चोख असले, तरी उशिरा आलेल्या मुलाला ‘काय झाले, बाळ?’ असे विचारणारे कोणी तेथे नसेल, तर एकही गोळी न सुटता ती आपल्या पहिल्या कर्तव्यास चुकलेली असते, असे मला निश्चितपणे वाटते.