वाऱ्याची वाट

माझ्या कामाच्या टेबलाखाली पुठ्ठ्याचा एक ठोकळा असतो. लांबी ४०० मिलिमीटर, रुंदी १२०, जाडी ५२. लिक्विड कूलरचा तीन पंख्यांचा रेडिएटर आणि त्यावर बसवलेले पंखे मिळून जेवढी जागा खातात, तेवढा तो आहे. २७ मिलिमीटरचा रेडिएटर, २५चा पंखा. कुणी कॉम्प्युटरचं नवं कॅबिनेट घेऊन आलं की मी आधी हा ठोकळा आत धरून बघतो. वर छताशी धरला तर रॅमच्या उंच पट्ट्यांना लागतो का? मदरबोर्डच्या वरच्या कडेला अडतो का? पुढे धरला तर ग्राफिक्स कार्डाला टेकतो का? खोक्यावर ‘३६० बसतो’, म्हणजे तीन पंख्यांचा रेडिएटर बसतो, असं छापलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. रेडिएटर बसतो. पंख्यांसकट बसतो की नाही, ते पुठ्ठा सांगतो.

पुण्यात कॉम्प्युटर असेंबल करायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली. तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे, रात्री जोडायचे आणि सकाळी गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन लावायचे, असं सुरू झालं. त्या वेळी पंख्यांचा विचार कुणी करत नसे. मागे एक पंखा असायचा, तोही कॅबिनेटबरोबर आलेला. आता चित्र पार बदललंय. इंटेलचा १४९००के हा प्रोसेसर पूर्ण जोरात असताना २५३ वॅटपर्यंत वीज खातो आणि आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड एकटं ४५० वॅट. दोन्ही मिळून ७०० वॅटच्या वर. घरातली साधी इस्त्री ७५० वॅटची असते. म्हणजे आपण काचेच्या पेटीत इस्त्री चालू करून ठेवतो आणि तिच्याशेजारी बसून काम करतो.

लिक्विड कूलर घ्यायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात माठ असतो. पाणी म्हणजे गारवा, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण माठातलं पाणी झिरपतं, उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ते खोलीपेक्षा गार होतं. कूलरमधलं पाणी बंद नळीत कोंडलेलं असतं. ते उडत नाही. खोलीत ४२ अंश असतील, तर ते पाणी ४२च्या खाली कधीच जाणार नाही. त्याचं काम हमालीचं. प्रोसेसरवरची उष्णता उचलायची, नळीतून वाहून न्यायची आणि रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर टाकायची. ओझं उतरवून घ्यायला तिथे वाराच लागतो. वाराच नसेल तर हमाल डोक्यावर ओझं घेऊन गोल गोल फिरत राहतो.

हे मला पुरतं कळलं ते जळगावात, मे महिन्यात. लग्नाच्या फिल्म एडिट करणारा एक मुलगा, वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर थेट स्लॅब. फोनवर म्हणाला, “भाऊ, मशीन महाग घेतलं, लिक्विडवालं घेतलं, आणि दुपारी ते बैलगाडीसारखं चालतं.” मशीन दुसऱ्या कुणी जोडलेलं होतं. दिसायला देखणं. पुढे सलग काच, काचेमागे रेडिएटर, त्यावर रंगीत दिव्यांचे तीन पंखे. पंखे पूर्ण वेगानं किंचाळत होते आणि तरी प्रोसेसर शंभर अंशांना टेकून स्वतःचा वेग कमी करत होता.

पिशवीत उदबत्ती असतेच. काचेच्या उजव्या कडेला बोटभर फट होती, आत हवा जायची तेवढीच वाट. तिथे उदबत्ती धरली तर धूर आत गेला, पण रेंगाळत. मग बाजूचं झाकण काढून ती रेडिएटरच्या कडेला, आतल्या अंगानं धरली. धूर मागे जायला हवा होता. तो रेडिएटर आणि पत्र्याच्या मधल्या चिरेतून वळून पुन्हा पुढे, पंख्यांच्या तोंडाकडे खेचला गेला. बाहेरची हवा पुरेशी मिळेना म्हणून पंखे आतली तापलेलीच हवा परत परत ओढत होते. मी पुढची काच काढून बाजूला ठेवली आणि त्या चिरेत फोमची पट्टी दाबून बसवली. दुसरं काही केलं नाही. दहा मिनिटांत पंख्यांचा आवाज खाली आला. तो मुलगा मॉनिटरवरचे आकडे बघत होता, मी मात्र उदबत्तीकडे. धूर आता सरळ रेषेत आत जात होता, दोरा सुईत जावा तसा.

त्या दिवसापासून मी कॅबिनेट आधी निवडतो आणि पंखे मागाहून. वाट नसेल तर चांगल्यातला चांगला पंखाही नुसता आवाज करतो. हिशोब साधा आहे. ७०० वॅट उष्णता आणि तासाला १७० घनमीटर हवा, ही हवा खरोखर आरपार गेली, तर ती बारा-तेरा अंशांनी तापून बाहेर पडते. हवा निम्मी झाली की तापणं दुप्पट. पुढे जाळी हवी, आणि जाळीही अशी की हात लावला तर पलीकडचा वारा जाणवावा. स्वीडनच्या फ्रॅक्टल कंपनीनं २०२१ साली टॉरेंट हे कॅबिनेट काढलं, त्यात पुढे १८० मिलिमीटरचे दोन पंखे दिले आणि त्यांच्यासमोर सगळी मोकळी जाळी. ते उघडून बघताना मला फार बरं वाटलं होतं. कुणीतरी वाऱ्याची वाट आधी आखून मग बाकीची पेटी तिच्याभोवती बांधली होती.

रेडिएटर पुढे लावायचा की वर, यावर माणसं तावातावानं बोलतात. मी गिऱ्हाइकाला विचारतो, तुमचं काम कशावर चालतं? प्रोसेसरवर असेल तर पुढे, म्हणजे खोलीतली ताजी हवा थेट रेडिएटरला मिळते. ग्राफिक्स कार्डावर असेल तर वर, म्हणजे रेडिएटरची ऊब आत येऊन कार्डाला चटके देत नाही. जळगावच्या मुलाचं रेंडरिंग कार्डावर चालायचं. त्याला नव्या जाळीच्या कॅबिनेटमध्ये पुढे १४० मिलिमीटरचे तीन पंखे दिले आणि रेडिएटर छताला, बाहेर हवा टाकणारा. प्रोसेसरला त्यामुळे थोडी कोमट हवा मिळते, पण त्याला ती चालते.

रेडिएटर कुठेही लावा, एक गोष्ट मात्र मी कधी सोडत नाही. पाणी फिरवणारा पंप सगळ्यात उंच जागी येता कामा नये. बंद नळीतही थोडी हवा असतेच, आणि वर्षागणिक रबरातून पाणी कणाकणानं निघून जातं तशी ती वाढते. हवा नेहमी वर जाऊन बसते. ती रेडिएटरच्या वरच्या टोकाला बसली तर काही बिघडत नाही. पंपात बसली तर खळखळ सुरू होते आणि पंप कोरडा फिरायला लागतो. रेडिएटर पुढे उभा लावताना मी शक्यतो नळ्या खाली घेतो, आणि पंपापेक्षा खाली, तळाशी मात्र कधीच लावत नाही.

आता पंख्यांकडे वळतो. छताचा पंखा खोलीभर वारा घालतो, पण चूल पेटवायला फुंकणी लागते. पंख्यांतही असे दोन स्वभाव असतात. मोकळ्यावर भरपूर हवा ढकलणारे एक, आणि अडथळ्यातून हवा रेटणारे दुसरे. रेडिएटर म्हणजे दाट पत्र्यांचा अडथळा. त्याला दुसऱ्या स्वभावाचे हवेत. पंख्याच्या खोक्यावर हवेचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि दाबाचा बारीक. हा दाब पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, म्हणजे पंखा पाण्याची किती उंची रेटून धरेल. नॉक्टुआ कंपनीच्या २०१८ साली आलेल्या १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचा दाब २.३४ मिलिमीटर आहे, तोही मिनिटाला २००० फेऱ्यांना. ऐकायला काहीच नाही, पण रेडिएटरला पुरून उरतो. त्या पंख्याची पाती आणि चौकट यांच्यात फट ठेवलीय अर्ध्या मिलिमीटरची. पाती जर फिरता फिरता ताणून लांबली असती तर चौकटीला घासली असती, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं, न ताणणारं प्लॅस्टिक वापरलं. मी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा फटीत कागद घालून बघितला. पोस्टकार्ड जेमतेम गेलं असतं. एवढ्याशा फटीतून परत फिरणारी हवा अडवण्यासाठी माणसं किती राबली असतील, या विचारानं मी तो बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

प्रत्येकानं महागाचेच पंखे घ्यावेत असं मी म्हणत नाही. आर्क्टिक कंपनीचे पी १२ हे स्वस्त पंखे मी शेकड्यानं बसवलेत आणि ते रेडिएटरवर इमानानं चालतात. पैसे वाचवायचे तर दिव्यांवर वाचवावेत, आणि वाचलेल्या पैशांत एक पंखा जास्त घ्यावा. त्याचं कारण पंख्यांच्या गणितात आहे. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. आणि एकाचे तीन पंखे केले तर आवाज जेमतेम ५ डेसिबलनं चढतो. म्हणजे २००० फेऱ्यांचा एक पंखा काढून १००० फेऱ्यांचे तीन लावले, तर मोकळ्यावर हवा दीडपट आणि आवाज १० डेसिबलनं कमी. मात्र वेग निम्मा केला की दाब पाव होतो. हळू पंखे लावायचे असतील तर विरळ पत्र्यांचा रेडिएटर शोधावा लागतो. एक सवलत घेतली की दुसरीकडे चुकती करावी लागते, आणि मला या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो.

पंख्याचा वेग कशावर बांधायचा, हेही तितकंच महत्त्वाचं. बहुतेक मशीनवर तो प्रोसेसरच्या तापमानावर बांधलेला असतो. मग एखादी फाइल उघडली की पंखे घुर्र करतात, लगेच गप्प होतात, पुन्हा घुर्र करतात. प्रोसेसर क्षणात तापतो, पाणी सावकाश. एक लिटर पाण्यात ४०० वॅट ओतले आणि काहीच बाहेर गेलं नाही, तरी ते एक अंश तापायला दहा सेकंद घेतं. प्रोसेसर ते पाणी हा टप्पा तांब्याचा आणि थर्मल पेस्टचा, तिथे पंख्याचं काही चालत नाही. पंखा फक्त पाणी आणि खोली यांच्यातलं अंतर कमी करू शकतो. म्हणून जिथे सोय आहे तिथे मी पंखे पाण्याच्या तापमानावर बांधतो. मग ते गाडीवानासारखे चढ बघून हळूहळू वेग वाढवतात.

आवाजाचा खरा धडा मला एका गाणाऱ्या ताईंनी दिला. सदाशिव पेठेत त्यांच्या घरी शिकवणी चालते. शिष्य रेकॉर्डिंग करतात, व्हिडिओ एडिट करतात, आणि मशीन त्याच खोलीत. तीन पंखे, सगळे १२०० फेऱ्यांवर. मीटर लावून बघितला तर आवाज अगदी कमी. मी समाधानानं उभा होतो. ताई डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, “अरे, जोड लागलेला नाही.”

मला कळेना. त्यांनी हातानंच लाट दाखवली. वर, खाली, वर, खाली. “तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारा जवळजवळ एका षड्जावर असल्या, पण अगदी नसल्या, की असं हेलकावतं. तुझे दोन पंखे तसे बोलतायत.”

मी कान कॅबिनेटला लावला आणि ऐकू आलं. वाऊ, वाऊ, वाऊ. कागदावर मांडून बघितलं. नऊ पात्यांचा पंखा १२०० फेऱ्यांना सेकंदाला १८० वेळा हवा कापतो. शेजारचा त्याच आकड्यावर लावलेला असला तरी मोटारीच्या फरकानं ११८० फेऱ्यांना फिरत होता, म्हणजे १७७ वेळा. फरक तीनचा. सेकंदाला तीन लाटा. मीटरला त्या दिसत नव्हत्या.

तानपुऱ्यात यावर उपाय म्हणजे मणी सरकवून तारा एकमेकींजवळ आणायच्या. मी तेच करायला गेलो. अर्धा तास आकडे जुळवत बसलो, पण पंखे जुळले तरी टिकेनात. चार-पाच फेऱ्यांनी पुन्हा सरकायचे आणि लाट आणखी संथ, आणखी लांब व्हायची. तेव्हा उलट केलं. एक १२००वर ठेवला, दुसरा ६० फेऱ्यांनी खाली, तिसरा त्याहून ६०नं खाली. सूर इतके लांब गेले की लाट विरून गेली आणि नुसता वारा उरला. नॉक्टुआनं पुढे २०२४मध्ये १४० मिलिमीटरच्या पंख्यांची जोडी मुद्दाम किंचित वेगळ्या वेगाची करून विकायला काढली. ती बातमी वाचली तेव्हा ताईंना फोन करून सांगितलं होतं.

त्या दिवशी काम झाल्यावर मी पंख्यांच्या चारही कोपऱ्यांतल्या रबराच्या चकत्या पुन्हा तपासल्या आणि जाळीवरची धूळ ब्रशनं काढली. पातं बोटानं धरून मगच ब्लोअर मारला, कारण ब्लोअरच्या झोतानं मोकळा पंखा भलत्या वेगानं फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. ताईंनी खिडकी लावून घेतली. छताचा पंखा बंद केला. शिष्यानं एक लांबलचक व्हिडिओ रेंडरला लावला आणि आम्ही तिघं गप्प बसलो. पाच मिनिटं गेली असतील. मग त्यांनी कोपऱ्यातला तानपुरा जवळ ओढला आणि जुळवायला घेतला. माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. पिशवीत ठेवला तर खणखण झाली असती, म्हणून तो तसाच हातात धरून बसलो.